हात नेमका कुठे ठेवायचा?

जानेवारी हा आम्हा फ्रीलान्सर मंडळींचा सुगीचा महिना. हुरडा पार्टी झाली की हळदीकुंकू, ते संपतं न संपतं तोच व्हॅलेंटाइनची तयारी... आणि मध्ये २६ जानेवारी. २०२३च्या जानेवारीत एका पुरवणीतून फोन आला. "झेंडावंदनावर सहाशे शब्द दे. काय करावं, काय करू नये टाइप. हलकंफुलकं ठेव, लेक्चर नको." सहाशे शब्द म्हणजे माझ्या हिशेबाने दोन तास आणि एक फिल्टर कॉफी. मी लगेच 'हो' म्हणून टाकलं.

लेख दिला. छापूनही आला. पण त्यासाठी वाचायला घेतलेल्या कागदांत एक वाक्य असं निघालं की माझी कॉफी तशीच गार झाली. ते वाक्य कोणतं, हे सांगायचं तर तुम्हाला आधी पाच महिने मागे न्यावं लागेल, बाणेरच्या एका ऑफिसच्या पार्किंगमध्ये.

२०२२चा ऑगस्ट आठवतोय ना? स्वातंत्र्याची पंचाहत्तरी, 'हर घर तिरंगा', सगळ्यांचे डीपी एकसारखे आणि पोस्टात पंचवीस रुपयांना झेंडा. मीही रांगेत उभी राहून एक घेतला आणि सिंहगड रोडवरच्या आमच्या तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत, कपडे वाळत घालायच्या दांडीला बांधला. (हा झेंडा लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.) तेव्हा मी बाणेरच्या एका कंपनीत आठवड्यातले तीन दिवस कंटेंट लिहायला जायचे. एचआरचा मेल आला: झेंडावंदन सकाळी नऊला, ड्रेसकोड ट्रायकलर, नंतर नाश्ता, उपस्थिती 'अपेक्षित'. 'अपेक्षित' म्हणजे काय, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

हौस मात्र दांडगी होती. लिफ्टपासून रिसेप्शनपर्यंत कागदी झेंड्यांच्या पताका. केकच्या टेबलावर टेबलक्लॉथ म्हणून चक्क एक मोठा झेंडा अंथरलेला. काचेच्या दारावर सेलोटेपने उभा चिकटवलेला आणखी एक. तीन रंगांचा ढोकळा, तीन रंगांचा पास्ता, तीन रंगांचे फुगे. डायरेक्टरांनी दोरी ओढली, झेंड्यातून पाकळ्या पडल्या, टाळ्या झाल्या आणि कुणीतरी शाळेतल्या मॉनिटरच्या आवाजात ओरडलं, "एक साथ राष्ट्रगीत शुरू करेंगे, शुरू कर!"

आणि मग तो प्रश्न. हात कुठे ठेवायचा?

खरं सांगा, तुम्हालाही पडतो ना? शाळा सुटली की हे सांगणारं कुणी उरत नाही. मी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. कुणी कडक सॅल्यूट ठोकलेला. कुणाचा उजवा हात छातीवर, हॉलिवूडच्या सिनेमातल्यासारखा. डिजिटल मार्केटिंगमधल्या एकाच्या उजव्या हातात मोबाइल होता, म्हणून त्याने डाव्या हाताने सलाम केला. मी सॅल्यूटच्या पार्टीत सामील झाले, कारण शाळेत तोच केला होता. माझं कोपर मात्र तिसऱ्या ओळीपर्यंत खाली आलं.

आमच्यापासून दोन माणसं सोडून टॅली उभा होता. टॅली म्हणजे आमचा अकाउंट्सवाला. सगळं ऑफिस त्याला त्या सॉफ्टवेअरच्याच नावाने हाक मारायचं. मूळचा उदगीरचा. माझं टीडीएसचं गणित त्याच्याशिवाय कधी सुटलं नाही, आणि त्याच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी मी त्याच्यापेक्षा जास्त खाल्ली असेल. त्याचं खरं नाव इथे देत नाही. आडनाव तर नाहीच. आडनाव दिलं असतं तर पुढची गोष्ट तुम्ही माझ्या आधीच ओळखली असती.

टॅलीचे दोन्ही हात खाली होते. पाय जुळलेले, मान सरळ, नजर झेंड्यावर. राष्ट्रगीत होईपर्यंत तो हलला नाही. हे मला आत्ता आठवून लिहिता येतंय, कारण त्याचा फोटो मी पुढे बऱ्याचदा पाहिला.

संध्याकाळी ऑफिसच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो आले. साठ-सत्तर असतील. त्यातल्या एकात चौदा जण होते आणि टॅलीभोवती लाल गोल काढलेला होता. खाली लिहिलं होतं, 'स्पॉट द डिफरन्स'. पहिल्यांदा कुणीतरी हसरा चेहरा टाकला. मग एक जण म्हणाला, 'हात दुखत असेल बिचाऱ्याचा.' मग आणखी एक जण काहीतरी बोलला, ते लिहिण्यासारखं नाही. मी तेव्हा रिक्षात होते, कंटाळलेली. मी हनुवटीला बोट लावून विचार करणारा तो पिवळा चेहरा टाकला आणि फोन बॅगेत ठेवला. बस्स, एवढंच. एक शब्दही लिहिला नाही मी.

रात्री टॅलीचा मेसेज आला. एकच ओळ. 'मी युनिफॉर्ममध्ये नव्हतो.'

त्यावर उत्तर आलं, 'आम्ही तरी कुठे होतो भाऊ!' आणि हसून डोळ्यांत पाणी आलेले सहा चेहरे. टॅली पुढे काही बोलला नाही. मला त्याची ती ओळ विचित्र वाटली होती, हे कबूल करते. युनिफॉर्मचा काय संबंध? काहीतरी सबब सांगतोय झालं, असं मनात आलं.

दुसऱ्या दिवसापासून तो डबा डेस्कवरच खायला लागला. नोव्हेंबरमध्ये नोटीस दिली, खराडीला दुसरी नोकरी धरली. त्याच्या निरोपाचा केक कापला त्या दिवशी माझं वर्क फ्रॉम होम होतं. ते मी मुद्दाम घेतलं होतं की नाही, हे मी स्वतःला अजून विचारलेलं नाही.

तर ती जानेवारीतली कॉफी.

'भारतीय ध्वजसंहिता, २००२' असं भारदस्त नाव असलं तरी ती एका बैठकीत वाचून होते. आणि खरं सांगते, वाचायला मजा येते. सगळ्यात पहिला धक्का म्हणजे, ही संहिता २६ जानेवारी २००२ला लागू होण्याआधी तुम्हा-आम्हाला मनात येईल त्या दिवशी घरावर झेंडा लावायची मुभाच नव्हती. ठरावीक दिवस सोडले तर झेंडा हे सरकारी काम. नवीन जिंदल अमेरिकेत टेक्सासला शिकले, तिथे दारोदारी झेंडे पाहिले आणि परत येऊन रायगढच्या आपल्या कारखान्यावर तिरंगा लावला. अधिकाऱ्यांनी हरकत घेतली. ते कोर्टात गेले. १९९५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि जानेवारी २००४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सन्मानाने झेंडा फडकवणं हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे, अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्याचा भाग आहे. म्हणजे आपल्या बाल्कनीतला झेंडा हा कुणीतरी भांडून मिळवलेला हक्क आहे. मी त्याच्या शेजारी टॉवेल वाळत घालत होते.

पुढे वाचत गेले तशी आमच्या ऑफिसची एकेक हौस निकालात निघायला लागली. पताका? झेंड्याचा वापर पताका, तोरण किंवा सजावट म्हणून करायचा नाही. टेबलक्लॉथ? टेबलावर किंवा व्यासपीठावर अंथरायचा नाही. दारावरचा उभा झेंडा? चालतो, पण बघणाऱ्याच्या डाव्या हाताला केशरी पट्टा हवा. आमच्याकडे तो उजवीकडे होता. पाकळ्या मात्र चालतात, बरं का! राष्ट्रीय दिवशी झेंडा उलगडण्याआधी त्यात फुलांच्या पाकळ्या ठेवायला हरकत नाही, असं संहितेतच आहे. झेंडा चढवायचा झपझप आणि उतरवायचा सावकाश, मानाने. जमिनीला टेकू द्यायचा नाही, त्याच्यावर काही लिहायचं नाही. कमरेखाली घालायच्या कपड्यात तो वापरायचा नाही. उशी, रुमाल, नॅपकिन, ड्रेस मटेरियल यांच्यावर छापायचा किंवा भरतकामाने काढायचा नाही. हे शेवटचं २००५च्या दुरुस्तीतलं, आणि ते १९७१च्या कायद्यात आहे. त्या कायद्यात झेंड्याच्या अपमानाला तीन वर्षांपर्यंत शिक्षा सांगितली आहे, त्यामुळे गंमत नाही.

केकबद्दल तुमच्या मनात आलंच असेल. माझ्याही आलं. कोइमतूरला २०१३च्या नाताळात तिरंगा आणि अशोकचक्र असलेला केक कापला म्हणून खटला झाला होता. मार्च २०२१मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तो रद्द केला. केक कापणाऱ्यांच्या मनात अपमानाचा हेतू नव्हता, असं न्यायालयाचं म्हणणं. म्हणजे आमचा केक सुटला. केकखालचा टेबलक्लॉथ सुटला नाही.

हे सगळं मी हसत हसत टिपून घेत होते. लेख मस्त होणार होता. आणि मग सलामीचा परिच्छेद आला.

झेंडा चढवताना किंवा उतरवताना, किंवा संचलनात तो समोरून जाताना, हजर असलेल्या सगळ्यांनी झेंड्याकडे तोंड करून सावधान उभं राहायचं. जे गणवेशात असतील त्यांनी योग्य ती सलामी द्यायची.

पुन्हा वाचलं. जे गणवेशात असतील त्यांनी.

'मी युनिफॉर्ममध्ये नव्हतो.'

माणूस सबब सांगत नव्हता. तो नियम सांगत होता. ग्रुपवरच्या साठ माणसांत एकालाच नियम माहीत होता आणि आम्ही त्याच्याचभोवती लाल गोल काढला होता.

मी गॅलरीत जाऊन तो फोटो शोधला. ऑफिसच्या ग्रुपवरचे फोटो आपण कधी डिलीट करत नाही, त्याचा हा असा उपयोग. झूम करून एकेक चेहरा बघितला. चौदा जण. त्यात सॅल्यूट न करणारे किती? टॅली धरून सात! दोघांचा हात छातीवर. एक जण हात मागे बांधून उभा, प्रदर्शन बघायला आल्यासारखा. दुसऱ्याचे हात खिशात. सेल्समधला एक चक्क फोनवर बोलत होता, भर राष्ट्रगीतात. आणि आमची एचआर हेड, तिच्या हातात फुगा होता. 'स्पॉट द डिफरन्स' म्हणणाऱ्याने या सहांपैकी कुणालाही सोडून एकाचीच निवड केली होती. डिफरन्स हाताचा नव्हताच. आणि मी त्यावर विचार करणारा चेहरा टाकला होता, विचार न करता.

मास कॉमच्या पहिल्या सेमिस्टरला आम्हाला एक सर होते. कुठलीही कॉपी हातात घेतली की विचारायचे, "हे तू बघितलंस, ऐकलंस की तुला वाटलं?" दोन वर्षं मी त्या प्रश्नाची टिंगल केली.

असं काही पहिल्यांदाच घडत होतं असंही नाही. २६ जानेवारी २०१५ला राजपथावर, ओबामा पाहुणे असताना, तेव्हाचे उपराष्ट्रपती हमीद अन्सारी सावधान उभे होते आणि शेजारी राष्ट्रपती, पंतप्रधान, संरक्षणमंत्री सॅल्यूट करत होते. तो फोटो किती फिरला! शेवटी उपराष्ट्रपतींच्या कार्यालयाला खुलासा करावा लागला, की मानवंदना मुख्य पदाधिकारी घेतो, म्हणजे इथे राष्ट्रपती, आणि बाकीच्यांनी सावधान उभं राहायचं असतं. देशाच्या उपराष्ट्रपतींना ज्याचा खुलासा करावा लागला, त्यावर अकाउंट्समधल्या मुलाच्या एका ओळीवर कोण विश्वास ठेवणार?

मग आपण सगळे सॅल्यूट का करतो? त्याचंही उत्तर संहितेतच सापडलं. शाळांसाठी वेगळा भाग आहे. झेंडा फडकला की विद्यार्थ्यांनी हुकमावर सलामी द्यायची, थोडा वेळ हात तसाच ठेवायचा, मग खाली घ्यायचा. त्यानंतर राष्ट्रगीत, आणि ते सावधान उभं राहूनच. शाळेचा गणवेश उतरून वर्षं झाली तरी हाताला ती सवय राहिली, आणि त्यातही अर्धीच. हात खाली घ्यायचं आपण विसरलो. छातीवरचा हात तर थेट अमेरिकेचा. तिथे राष्ट्रगीत सुरू असताना साध्या कपड्यातल्या माणसाने उजवा हात हृदयावर ठेवायची रीत त्यांच्या कायद्यातच लिहिली आहे. आपल्याकडे ती सिनेमातून आली. तुम्ही साध्या कपड्यात सॅल्यूट केलात म्हणून कुणी पकडणार नाही, घाबरू नका. पण न करणाऱ्याचं काही चुकलं नाही, एवढं नक्की.

सहाशे शब्दांचा लेख मी दिला, सलामीचा नियम त्यात ठळक घातला आणि छापून आल्यावर लिंक ऑफिसच्या त्या ग्रुपवर टाकली. दोन अंगठे आले. बाकी शांतता. लाल गोल कुणालाच आठवला नाही, किंवा सगळ्यांना आठवला.

टॅलीला मेसेज करायला मला आणखी नऊ दिवस लागले. 'भेटूया का?' निळ्या टिका दिसल्या, उत्तर नाही. चौथ्या दिवशी आलं: 'शनिवारी चार. खराडीत आमच्या ऑफिसखालच्या अमृततुल्यला.'

मी तयारी करून गेले होते, संहितेची प्रिंट वगैरे घेऊन. माफीचं एक वाक्यही पाठ केलं होतं. तो चहा घेऊन आला, ग्लास माझ्यापुढे ठेवला आणि माझं वाक्य अर्ध्यावर असतानाच म्हणाला, "जाऊ दे ना. आता कशाला उकरून काढायलीस?"

"मला तेव्हा माहीत नव्हतं रे."

"माहीत नव्हतं त्याचं काही नाही. कुणालाच नसतं. विचारलं असतंस तर सांगितलं असतं. शेजारीच बसायचो ना आपण जेवायला?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. संहितेतही नव्हतं. मी चहा प्यायले.

मग त्यालाच बहुतेक माझी कीव आली आणि तो बोलायला लागला. कॉलेजात तीन वर्षं एनसीसी, 'सी' सर्टिफिकेट. झेंडा बांधायचं काम त्याच्याकडे असायचं. दोरी एका झटक्यात सुटेल पण वाऱ्याने सुटणार नाही, अशी गाठ मारावी लागते म्हणे. सकाळी पाचला जाऊन तो ती पुन्हा पुन्हा मारून बघायचा, कारण पाहुण्यांनी दोरी ओढली आणि झेंडा उलगडलाच नाही, तर सगळं कॉलेज गाठ मारणाऱ्याकडे बघतं. एका वर्षी तसं झालंही. पाहुणे ओढतायत, ओढतायत, झेंडा मुठीसारखा बंद! "त्या दोन मिनिटांत मी जेवढा घामाघूम झालो ना, तेवढा तुमच्या ग्रुपवर नाही झालो," तो म्हणाला आणि हसला. मला हसू आलं नाही. 'तुमच्या' ग्रुपवर, असं म्हणाला होता तो.

घडी कशी घालायची तेही त्याने टेबलावरच्या पेपर नॅपकिनवर दाखवलं. झेंडा आडवा धरायचा, केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याच्या मागे दुमडायचा, मग दोन्ही बाजू मधल्या चक्राकडे अशा आणायच्या की चक्र वर दिसेल आणि केशरी-हिरव्याची कडही दिसेल. आणि न्यायचा तो दोन्ही तळहातांवर. "काखेत मारून नाही," तो म्हणाला. उदगीरला खादीचं झेंड्याचं कापड विणतात, हेही तेव्हाच कळलं. लहानपणापासून त्याला ते माहीत. डिसेंबर २०२१पर्यंत झेंडा हातमागाच्या खादीचाच हवा असा नियम होता. मग पॉलिएस्टर आणि मशीनवरचे झेंडे चालायला लागले. तेव्हाच तर पंचवीस रुपयांत झेंडा आला.

"तुझा कुठाय?" त्याने विचारलं. "तू फोटो टाकला होतास ना, बाल्कनीतला."

"आहे अजून. लावलेलाच आहे." हे मी जरा अभिमानानेच सांगितलं. जुलै २०२२पासून घरावरचा झेंडा रात्रंदिवस ठेवता येतो, उतरवावा लागत नाही, हे मी नुकतंच वाचलं होतं.

"ऑगस्टपासून?" तो म्हणाला. "जाऊन बघ एकदा."

घरी जाऊन बघितलं. सहा महिन्यांचं ऊन, परतीचा पाऊस आणि सिंहगड रोडची धूळ. केशरीचा फिका गुलाबी झालेला. मोकळी कड वाऱ्याने फाटून झालर झाली होती, आणि चक्राच्या एका बाजूला कबुतराची कृपा. फाटलेला किंवा मळलेला झेंडा लावायचा नाही, हा नियम मी स्वतःच्या लेखात चौथ्या परिच्छेदात लिहिला होता. बाल्कनीचा पडदा ओढलेला असायचा, एवढंच.

आता याचं करायचं काय? संहिता सांगते, खराब झालेला झेंडा अख्खाच, खासगीत नष्ट करावा, शक्यतो जाळून किंवा त्याचा मान राखला जाईल अशा दुसऱ्या पद्धतीने. कचऱ्यात नाही, कापून फडकं करून नाही. (सोळा ऑगस्टला रस्त्यावर पडलेल्या कागदी झेंड्यांनाही हाच नियम आहे.) वाचायला सोपं आहे. करायला जा! जाळणार कुठे? झेंडा सार्वजनिक जागी किंवा लोकांना दिसेल असा जाळणं हा गुन्हा. तेच कुणाला न दिसता, मानाने केलं तर कर्तव्य. आणि टू बीएचकेमध्ये कुणाला न दिसणारी, आग पेटवता येईल अशी जागा कुठून आणू? गच्चीवर शेजारच्या बिल्डिंगच्या चाळीस खिडक्या. आईला विचारलं तर म्हणाली, "वेड लागलंय का? कुणी व्हिडिओ काढला म्हणजे?" लाल गोल आता माझ्या डोळ्यांसमोर फिरायला लागला.

शेवटी झेंडा धुतला, वाळवला, टॅलीने दाखवली तशी घडी घातली आणि वाईजवळ आजीच्या घरी घेऊन गेले. तिच्याकडे परसदार आहे, तिन्ही बाजूंनी भिंत. आजीला सांगितलं तर ती भडकलीच. "आमच्या आप्पांनी बेचाळीस साली ह्याच्यापायी काठ्या खाल्ल्या, आन् तू जाळतीस?" मी तिला सगळी संहिता समजावून सांगितली, म्हणजे पाठच झाली होती एव्हाना. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हंजी देवाची मूर्त दुखावली की विसर्जन करत्यात, तसंच की."

इतकं सोपं मला सहाशे शब्दांत जमलं नव्हतं.

तिने लोखंडी घमेलं घासून आणलं, खाली वाळक्या काटक्या ठेवल्या. खादीचा असता तर सरळ राख झाली असती. पॉलिएस्टर जळत नाही, वितळतं. घाण वास सुटला, काळे थेंब पडले आणि शेवटी घमेल्यात एक कडक गोळा उरला. पंचवीस रुपयांच्या झेंड्याची ही बाजू कुणी सांगितली नव्हती. मी हात खाली ठेवून सावधान उभी होते. आजीने डोक्यावर पदर घेतला आणि हात जोडले. त्याबद्दल संहितेत काही नाही. गोळा निवल्यावर आम्ही तो जास्वंदीच्या बुंध्याशी खोल पुरला.

गेल्या पंधरा ऑगस्टला मी आमच्या सोसायटीच्या झेंडावंदनाला गेले. पताका होत्याच. सेक्रेटरी काकांना आदल्या दिवशी मी सांगून बघितलं होतं, ते म्हणाले, "अगं, मुलांनी हौसेने लावल्यात." राष्ट्रगीत सुरू झालं. काकांनी सॅल्यूट ठोकला, जिममधल्या पोरांनी छातीवर हात ठेवले. मी हात खाली सोडून सरळ उभी राहिले. शेजारच्या काकूंनी एकदा माझ्या हाताकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे. समोरून कुणीतरी मोबाइल वर धरला होता. बावन्न सेकंद इतकी लांब असतात, हे मला माहीत नव्हतं.

दुपारी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो आले. मी पुन्हा पुन्हा उघडून बघत होते. त्यातल्या दोन फोटोंत मी आहे, अगदी मधोमध. कुणी काही म्हणालं नाही. एका काकूंनी माझ्या साडीचा रंग छान असल्याचं लिहिलं.

त्यातला एक फोटो मी टॅलीला पाठवला. आता आमचं महिन्या-दोन महिन्यांनी काहीतरी बोलणं होतं, बहुतेक टीडीएसबद्दलच. बऱ्याच वेळाने त्याचं उत्तर आलं.

'मुठी नीट बंद नाहीत. आणि अंगठे बाहेर आलेत, ते खाली सरळ ठेव.'